एक वाहिनी, अनेक वाटेकरी : संदेशवहनातील कालविभाजनाच्या पद्धती

प्रस्तावना

पाट एक आणि शेते अनेक असली की पाणी पाळीनेच द्यावे लागते. महाराष्ट्रातील कालव्यांवरील शेजपाळी आणि पंजाब-हरियाणातील वाराबंदी या दोन्ही पद्धती याच गरजेतून निर्माण झाल्या. वाराबंदीत आठवड्याच्या १६८ तासांपैकी प्रत्येक शेतकऱ्याची वेळ त्याच्या जमिनीच्या प्रमाणात आधीच नेमून दिलेली असते. त्याला त्या दिवशी पाणी हवे असो वा नसो, पाळी त्याचीच असते. शेजपाळीत शेतकऱ्याने हंगामात मागणी-अर्ज करावयाचा आणि आलेल्या अर्जांवरून पाळ्यांचा कार्यक्रम आखावयाचा, अशी रीत आहे. पहिल्या पद्धतीत निश्चितता अधिक, दुसरीत गरजेची दखल अधिक.

संदेशवहनाच्या क्षेत्रात पाटाच्या जागी तांब्याची तार, काचतंतू किंवा रेडिओलहरींचा एखादा पट्टा असतो आणि शेतांच्या जागी दूरध्वनी, संगणक व मोबाइल संच असतात. एकाच वाहिनीवर दोन उपकरणे एकाच क्षणी बोलू लागली तर दोघांचेही बोलणे निरर्थक होते. म्हणून वाहिनीचा वेळ वाटून घ्यावा लागतो. या वाटपाला सर्वसाधारणपणे कालविभाजन असे म्हटले जाते. पाठ्यपुस्तकांतून हा विषय बहुधा एका आकृतीत व चार ओळींत आटोपला जातो आणि त्यामुळे त्यातील खरा पेच दृष्टीआड होतो. पाळी कोणत्याही रीतीने ठरविली तरी वाहिनीचा काही वेळ वाया जातो. तो कोठे वाया जावा आणि त्याची झळ कोणी सोसावी, हे मात्र रचनाकाराला ठरविता येते. प्रस्तुत लेखात काही प्रत्यक्ष व्यवस्थांच्या आधारे हा निर्णय कसा घेतला गेला याचे विवेचन केले आहे. गणिताची पार्श्वभूमी नसलेल्या प्राध्यापक वाचकांनाही ते अनुसरता यावे असा प्रयत्न आहे.

नेमून दिलेली पाळी

कालविभाजनाची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. फ्रान्सच्या तारखात्यातील एमिल बोदो यांनी १८७४ साली ज्या तारयंत्राचे पेटंट घेतले, त्यात एकच तार अनेक कर्मचारी एकाच वेळी वापरू शकत. तारेच्या टोकाशी एक फिरता वितरक असे. तो क्रमाक्रमाने एकेका कर्मचाऱ्याच्या पाच कळींच्या फलकाला तारेशी जोडी. दुसऱ्या टोकाचा वितरकही त्याच गतीने फिरत असल्याने प्रत्येकाचा संदेश योग्य त्या ग्राहकयंत्रावर उमटे. मात्र कर्मचाऱ्याला मनाला येईल तेव्हा कळ दाबता येत नसे. यंत्रातून ठरावीक ठेक्याने ‘टक्’ असा आवाज येई व त्या तालातच अक्षर द्यावे लागे. माणसाने यंत्राच्या तालाला बांधून घ्यावयाचे, ही त्या सोयीची किंमत होती. संदेशवेगाचे ‘बॉड’ हे एकक याच बोदोंच्या नावावरून आले आहे.

दूरध्वनीच्या बाबतीत हीच युक्ती साधणे अधिक अवघड होते, कारण आवाज अखंड असतो आणि तार तुकड्यातुकड्यांनी मिळणार असते. त्यातून मार्ग असा निघाला की आवाज अखंड पाठविण्याची गरजच नाही. दूरध्वनीवरील बोलण्यातील वारंवारिता सुमारे ३४०० हर्ट्झच्या पलीकडे जाऊ दिली जात नाही. अशा आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले तर त्यांवरून मूळ आवाज पुन्हा उभा करता येतो. म्हणजे एका संभाषणाचे दोन नमुने घेण्यामध्ये १२५ मायक्रोसेकंदांची फट राहते. या फटीत इतरांची संभाषणे बसविता येतात.

अमेरिकेतील बेल कंपनीने १९६२ साली या तत्त्वावर २४ संभाषणांची व्यवस्था सुरू केली. युरोपात आणि भारतात रूढ झालेल्या ‘ई-१’ या व्यवस्थेत १२५ मायक्रोसेकंदांच्या चौकटीचे, म्हणजे ‘फ्रेम’चे, ३२ भाग केलेले असतात. अशा प्रत्येक भागाला ‘स्लॉट’ म्हणतात. एका स्लॉटच्या वाट्याला जेमतेम ३.९ मायक्रोसेकंद येतात आणि तेवढ्यात एका नमुन्याचे ८ बिट पाठवावयाचे असतात. सेकंदाला ८००० फ्रेम, फ्रेममध्ये ३२ स्लॉट, स्लॉटमध्ये ८ बिट, असा गुणाकार केला की सेकंदाला २०,४८,००० बिट हा या वाहिनीचा वेग मिळतो. ३२ पैकी ३० स्लॉट संभाषणांसाठी असतात. एक स्लॉट फ्रेमचा आरंभ ओळखण्यासाठी आणि एक क्रमांक फिरविणे, घंटी वाजणे इत्यादी सूचनांसाठी खर्ची पडतो. वाटपाची व्यवस्था चालविण्यासाठीच सोळाव्या हिश्श्याएवढी वाहिनी द्यावी लागते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मोबाइलमधील आठ वाटेकरी

तारेची दोन्ही टोके जागच्या जागी असतात, त्यामुळे त्यांचे ताल जुळविणे तुलनेने सोपे. मोबाइलधारक मात्र फिरता असतो. भारतात मोबाइल सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी तत्कालीन कलकत्त्याहून दिल्लीस झालेल्या संभाषणाने झाला, तो जीएसएम या पद्धतीवर. या पद्धतीत २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या एका पट्ट्यावर आठ स्लॉटांची फ्रेम असते. फ्रेम ४.६१५ मिलिसेकंदांची आणि प्रत्येक स्लॉट ०.५७७ मिलिसेकंदाचा असतो. संच आपल्या स्लॉटपुरता बोलतो आणि उरलेले सात स्लॉट प्रक्षेपण थांबवून ठेवतो.

मग ऐकणाऱ्याला बोलणे तुटक का वाटत नाही? संच आवाज जसा येईल तसा पाठवीत नाही. तो २० मिलिसेकंदांचा आवाज साठवितो, त्याचे २६० बिटांत संक्षेपण करतो, वाटेत होणारे दोष दुरुस्त करता यावेत म्हणून त्यांचे ४५६ बिट करतो आणि हे बिट आपल्या पाळीत वेगाने सोडून देतो. २० मिलिसेकंदांच्या बोलण्यासाठी प्रत्यक्षात साधारण चार स्लॉटांइतका, म्हणजे सुमारे २.३ मिलिसेकंद वेळ पुरतो. पलीकडचा संच ते बिट पुन्हा सावकाश उलगडून ऐकवितो. याचा मोबदला म्हणून संभाषणात किंचित विलंब शिरतो. तो सहसा जाणवत नाही.

कालविभाजन कानांनी ऐकण्याची एक संधी मात्र अनेकांना मिळालेली आहे. जीएसएम संच ध्वनिक्षेपकाजवळ किंवा संगणकाच्या स्पीकरशेजारी असताना फोन येण्याच्या बेतात असला की एक चिरपरिचित खरखर ऐकू येते. ४.६१५ मिलिसेकंदांनी एकदा चालू-बंद होणारे प्रक्षेपण म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ ठोके होत. स्पीकरमधील विद्युत्मंडल ते ठोके नकळत पकडते आणि आपल्याला ऐकविते. सभागृहात एखाद्या वक्त्याच्या भाषणात अशी खरखर झाली तर तो आवाज कोणाच्या तरी पाळीचा असतो.

जीएसएममधील सर्वात उद्बोधक भाग अंतराचा आहे. मनोऱ्यापासून दूर असलेल्या संचाचा संदेश उशिरा पोहोचतो आणि पुढच्या स्लॉटवाल्याच्या वेळेवर अतिक्रमण करू शकतो. हा उशीर अत्यल्प वाटला तरी येथील हिशेब बिटांचा आहे. एक बिट ३.६९ मायक्रोसेकंदांचा असतो आणि तेवढ्यात रेडिओलहर सुमारे ११०० मीटर जाते. येण्याजाण्याचा विचार केला तर मनोऱ्यापासून दर ५५० मीटरला एका बिटाचा फरक पडतो. यावर दोन उपाय योजलेले आहेत. पहिला उपाय म्हणजे प्रत्येक स्लॉटच्या शेवटी ८.२५ बिटांइतका वेळ मोकळा सोडणे. वाराबंदीतही पाट कोरडा असताना तो भरण्यास लागणारा वेळ ‘भराई’ म्हणून हिशेबात धरतात, त्यातलाच हा प्रकार होय. दुसरा उपाय असा की मनोरा प्रत्येक संचाला ‘तू इतके बिट आधी बोल’ अशी आज्ञा देतो. ही आज्ञा ० ते ६३ या आकड्यांतच देता येते. त्यामुळे ६३ गुणिले सुमारे ५५० मीटर, म्हणजे जवळपास ३५ किलोमीटर, ही जीएसएम मनोऱ्याची स्वाभाविक मर्यादा ठरली. सिग्नल त्यापुढे पोहोचत असला तरी पाळी साधत नाही. समुद्रासारख्या मोकळ्या प्रदेशात याहून दूर सेवा द्यावयाची असल्यास एकेका संभाषणाला लागोपाठचे दोन स्लॉट देण्याची तरतूद आहे. अर्थात त्याने वाटेकऱ्यांची संख्या निम्म्यावर येते.

रिकाम्या पाळीचा प्रश्न

संभाषणात एकजण बोलतो तेव्हा दुसरा ऐकत असतो, आणि बोलणाराही मधूनमधून थांबतो. म्हणजे नेमून दिलेल्या पाळीचा निम्म्याहून अधिक भाग शांततेत जातो. १९५६ साली सुरू झालेल्या पहिल्या अटलांटिकपार दूरध्वनी केबलवर मूळ ३६ संभाषणांची सोय होती आणि तेथील प्रत्येक मार्ग अत्यंत महाग होता. १९६० साली त्यावर अशी यंत्रणा बसविण्यात आली की एकजण गप्प होताच त्याचा मार्ग क्षणभर दुसऱ्याला द्यावयाचा. संभाषणांची संख्या त्यायोगे जवळजवळ दुप्पट झाली. सगळे एकाच वेळी बोलू लागले तर एखादा शब्द कापला जाई, पण असे क्वचितच घडेल असा भरवसा धरलेला होता.

संगणकांच्या बाबतीत ही शांतता कितीतरी पट वाढते. कळफलकावर काम करणारी व्यक्ती एखादी आज्ञा धाडते, उत्तर वाचते, विचार करते. या सर्व काळात वाहिनी मोकळीच असते. अशा वापराला कायमचा स्लॉट नेमून देणे म्हणजे वर्षातून दोनदा गावी येणाऱ्या पाहुण्यासाठी एस.टी.ची रोजची जागा राखून ठेवण्यासारखे आहे.

न विचारता बोलणे

हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न होता. बेटांवर विखुरलेल्या विद्यापीठाच्या केंद्रांना मुख्य संगणकाशी रेडिओने जोडावयाचे होते. जून १९७१ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘अलोहा’ या जाळ्याने पाळी नेमण्याचा विचारच सोडून दिला. ज्याला काही पाठवावयाचे आहे त्याने सरळ पाठवावे. संदेश सुखरूप पोहोचला तर मध्यवर्ती केंद्र पोच देईल. पोच आली नाही तर कोणाशी तरी टक्कर झाली असे समजावे, यदृच्छेने ठरविलेला काळ थांबावे आणि पुन्हा पाठवावे. थांबण्याचा काळ यादृच्छिक असणे येथे अत्यावश्यक आहे. दोघे सारखाच वेळ थांबले तर पुन्हा त्याच क्षणी एकमेकांवर आदळतील.

या मोकळीकीची किंमत अब्रॅमसन यांनी गणिताने काढली. एका संदेशाला टकरीपासून वाचावयाचे असेल तर तो सुरू होण्याच्या आधीच्या एका संदेशकाळात व तो चालू असतानाच्या काळात दुसऱ्या कोणीही सुरुवात करता कामा नये. म्हणजे धोक्याचा काळ संदेशाच्या दुप्पट असतो. संदेश यदृच्छेने येतात असे मानल्यास वाहिनीच्या क्षमतेचा अधिकात अधिक १८.४ टक्के भागच उपयोगी लागू शकतो. १९७२ साली लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी एक साधी सुधारणा सुचविली : वेळेचे स्लॉट पाडावेत आणि बोलण्यास सुरुवात फक्त स्लॉटच्या आरंभीच करावी. अर्धवट टकरी त्यामुळे टळल्या, धोक्याचा काळ निम्मा झाला आणि मर्यादा ३६.८ टक्क्यांवर गेली. बोदोंचा ‘टक्’ येथे पुन्हा उपयोगी पडला. फरक एवढाच की आता तो ताल सर्वांना सामाईक होता, कोणाच्या मालकीचा नव्हता.

या पद्धतीतील खरा धोका या आकड्यांत दिसत नाही, तो गर्दीत दिसतो. स्लॉटबद्ध अलोहात दर स्लॉटमागे सरासरी एक संदेश येत असेल तर सुमारे ३७ टक्के स्लॉट रिकामे, ३७ टक्के यशस्वी आणि २६ टक्के टकरीचे असतात. हेच प्रमाण दर स्लॉटमागे दोन संदेशांवर गेले की यशस्वी स्लॉट २७ टक्क्यांवर घसरतात आणि टकरी ५९ टक्क्यांवर जातात. अयशस्वी ठरलेले सर्व पुन्हा प्रयत्न करतात, त्यामुळे गर्दी आणखी वाढते व यश आणखी घटते. नेमून दिलेल्या पाळीत गर्दीच्या वेळी उशिरा आलेल्याला नकार मिळतो, परंतु आत असलेल्यांचे काम सुरळीत चालते. मुक्त पद्धतीत नकार कोणालाच मिळत नाही आणि काम मात्र सर्वांचे अडते. या दोहोंपैकी अधिक वाईट कोणते, याचे उत्तर वाहिनीवरून काय जात आहे यावर अवलंबून राहील. रुग्णवाहिकेच्या संदेशासाठी आणि विद्यार्थ्याच्या ई-मेलसाठी ते एकच असणार नाही.

पाळी मागण्याची पाळी

नेमलेली पाळी आणि मुक्त स्पर्धा या परस्परविरोधी पद्धती आहेत असे वर्गात शिकविण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ही मांडणी अपुरी आहे. जीएसएमचेच उदाहरण पाहू. संचाला स्लॉट मनोरा नेमून देतो हे खरे, परंतु ‘मला स्लॉट हवा आहे’ हे मनोऱ्याला कळवावयाचे कसे? त्यासाठीही वाहिनी हवी आणि त्या वाहिनीवर कोण केव्हा बोलेल हे आधी ठाऊक असणे शक्य नाही. म्हणून जीएसएमने मागणीसाठी एक स्वतंत्र मार्ग ठेवला आणि त्यावर स्लॉटबद्ध अलोहा वापरला. संच केवळ ८ बिटांची विनंती सोडतो. मनोऱ्यापासूनचे आपले अंतर त्याला अद्याप माहीत नसते. यास्तव या विनंतीच्या मागे नेहमीच्या ८.२५ ऐवजी ६८.२५ बिटांची मोकळी जागा ठेवलेली असते. शेजपाळीचा अर्ज जणू खिडकीशी झुंबड करूनच द्यावयाचा, आणि तो स्वीकारला गेला की पुढचे सारे रांगेत.

गणेशोत्सवाच्या गर्दीत किंवा यात्रेत संचावर सिग्नलच्या सर्व रेघा दिसतात आणि तरीही फोन लागत नाही, या अनुभवाचे मर्म येथे आहे. रेघा मनोऱ्याचा आवाज किती स्पष्ट ऐकू येतो एवढेच सांगतात. मोकळा स्लॉट आहे का, आणि आपली विनंती टकरीतून वाचली का, याविषयी त्या काही सांगत नाहीत. हजारो हात एकाच वेळी पुन्हा पुन्हा कळ दाबतात तेव्हा विनंतीचा मार्गच आधी तुंबतो. ४जी पद्धतीत स्लॉटांचे वाटप दर मिलिसेकंदाला नव्याने केले जाते आणि वेळेबरोबर वारंवारितेचेही तुकडे पाडले जातात. तरी प्रथम हाक मारण्यासाठी तेथेही स्पर्धेचा मार्ग राखलेला आहेच.

ऐकून बोलणे

अब्रॅमसन यांचा शोधनिबंध वाचून प्रभावित झालेल्या रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात इथरनेटची कल्पना मांडली. केबलवर बोलण्याआधी ऐकावे, आणि टक्कर झालीच तर ताबडतोब थांबून यादृच्छिक काळ वाट पाहावी, हे तिचे सार. लागोपाठच्या टकरींबरोबर वाट पाहण्याची मर्यादा दुप्पट होत जाते, म्हणजे गर्दी वाढली की प्रत्येकजण आपोआप मागे सरतो. आजच्या इथरनेटमध्ये प्रत्येक संगणकाला स्विचपर्यंत स्वतःची तार असल्याने हा प्रश्न तेथे उरलेला नाही. वाय-फायमध्ये तो पूर्णपणे जिवंत आहे.

वाय-फाय उपकरणाला बोलत असताना ऐकता येत नाही; स्वतःच्या प्रक्षेपणापुढे दुसऱ्याचा क्षीण संदेश बुडून जातो. म्हणून ते आधीच खबरदारी घेते. वाहिनी मोकळी दिसल्यावरही ते काही स्लॉट मोजून थांबते आणि मगच बोलते, व प्रत्येक संदेशाची पोच मागते. यात केंद्रीय नियंता कोणी नाही आणि तरीही दीर्घकाळात प्रत्येकाला बोलण्याची संधी सारखीच मिळते. वरवर पाहता हा आदर्श न्याय वाटतो.

समान पाळी की समान वेळ?

प्रत्यक्षात तसे घडत नाही. एका खोलीत दोन संगणक आहेत अशी कल्पना करू. एक प्रवेशबिंदूजवळ असल्याने सेकंदाला ५४ मेगाबिट वेगाने बोलतो. दुसरा दोन भिंतींपलीकडे असल्याने त्याला ६ मेगाबिट वेगानेच बोलावे लागते. दोघेही १५०० बाइटांचे, म्हणजे १२,००० बिटांचे संदेश पाठवीत आहेत. पहिल्याला एका संदेशास ०.२२ मिलिसेकंद लागतात, दुसऱ्याला २ मिलिसेकंद. पाळ्या समान असल्याने एकास एक या क्रमाने संदेश जातात. पोच व प्रतीक्षा यांचा काळ बाजूला ठेवला तरी २.२२ मिलिसेकंदांत दोघांचा मिळून एकेक संदेश जातो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला सुमारे ५.४ मेगाबिट येतात. वेगवान संगणकाचा वेग दहाव्या हिश्श्यावर आला आणि याचे कारण त्याला दिसतही नाही. वाहिनीचा ९० टक्के वेळ दुसऱ्याच्या संथ बोलण्यात गेला.

याऐवजी दोघांना वेळ निम्मा निम्मा दिला तर पहिल्याला २७ मेगाबिट आणि दुसऱ्याला ३ मेगाबिट मिळतील. एकूण वाहतूक जवळपास तिप्पट होईल, पण संथ संगणकाचे ५.४ वरून ३ वर येणे ही त्याची किंमत आहे. अनेक प्रवेशबिंदूंत आज असे समान-वेळ वाटप निवडण्याची सोय असते. सुविधा चालू करावी की नाही हा प्रश्न बहुधा तांत्रिक साहाय्यकावर सोपविला जातो. वास्तविक तो धोरणाचा प्रश्न आहे. संथ उपकरण हे पुष्कळदा जुने, स्वस्त किंवा कोपऱ्यात बसणाऱ्याचे असते. वसतिगृहाच्या शेवटच्या खोलीतील विद्यार्थ्याला ऑनलाइन अर्ज भरावयाचा असेल आणि प्रवेशबिंदूशेजारी बसलेला कोणी चित्रपट उतरवून घेत असेल, तर अधिक कार्यक्षम वाटप अधिक न्याय्य ठरेलच असे नाही. शेजपाळीत पाणी शेवटच्या शेतापासून देत येण्याची जी रीत आहे, तिच्यामागे शेपटाकडील शेतकरी कोरडा राहू नये हाच विचार होता.

अर्थात महाविद्यालयांच्या बाबतीत यावर अधिक चांगला उपाय उपलब्ध आहे : दूरच्या खोल्यांजवळ आणखी एक प्रवेशबिंदू बसवावा, म्हणजे तेथील उपकरण संथ राहणार नाही आणि वाटपाचा वादही सौम्य होईल. पण दोन्ही प्रवेशबिंदू एकाच चॅनेलवर ठेवले तर ते पुन्हा एकमेकांचे ऐकत थांबतात आणि नवा खर्च करूनही वाटेकरी पूर्वीइतकेच राहतात. जवळजवळच्या खोल्यांतील प्रवेशबिंदूंना वेगवेगळे चॅनेल देणे हे विनाखर्चाचे काम असूनही पुष्कळ ठिकाणी राहून गेलेले दिसते.

२०२१ साली मान्य झालेल्या ८०२.११ एएक्स या मानकात, म्हणजे व्यवहारातील वाय-फाय ६ मध्ये, प्रवेशबिंदू स्वतःच पाळ्या नेमून देऊ शकतो : अमुक उपकरणाने अमुक क्षणी पट्ट्याच्या अमुक भागात बोलावे, अशी सूचना तो सर्वांना ऐकवितो. स्पर्धेने चालणाऱ्या जाळ्यात नेमणूक अशा रीतीने शिरली आहे. त्या सूचनेतही पट्ट्याचे काही भाग कोणाच्याही नावे न करता मोकळे ठेवता येतात. प्रवेशबिंदूला ज्यांची अद्याप ओळख नाही, अशा उपकरणांनी तेथे यदृच्छेने बोलावे अशी ती तरतूद आहे, आणि तेथील नियम थेट अलोहाच्या परंपरेतले आहेत.